खरी नक्कल : ‘कॉपी’ ह्या क्रियापदाची जन्मकथा आणि समीक्षेचे न्यायदान

१

मराठी समीक्षाव्यवहारात काही शब्द असे आहेत की ते उच्चारले की पुढे युक्तिवाद करण्याची गरज उरत नाही, असे मानले जाते. ‘कॉपी’ हा त्यांपैकी एक. अमुक कादंबरी ही तमुक पाश्चात्त्य कादंबरीची कॉपी आहे, अमुक नाटककाराने कॉपी केली, अमुक प्रबंध म्हणजे निव्वळ कॉपी, एवढे म्हटले की आरोप, पुरावा आणि शिक्षा ही तिन्ही कामे एका शब्दात उरकतात. ज्या इंग्रजीतून हा शब्द मराठीत आला त्या भाषेत ह्या क्रियापदाचा अर्थ इतका एकेरी कधीच नव्हता. मराठीने तो परीक्षागृहाच्या दारातून आत घेतला. परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८२ साली स्वतंत्र कायदा केला. पुढे ‘कॉपीमुक्त’ हे विशेषण शासकीय अभियानांचे ब्रीद झाले. बाहीत दडवलेली चिठ्ठी हीच ह्या शब्दाची मराठी मनातील प्रतिमा होऊन बसली. शाळेपुरती ती ठीक आहे. साहित्यसमीक्षेने तीच चिठ्ठी निकष म्हणून हाती धरली, हे मात्र ठीक नाही.

ह्याच्या उलट टोकाला दुसरा पक्ष उभा आहे. रोलाँ बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यापासून आणि ज्यूलिया क्रिस्तेवाने संहितांतर्गततेची संकल्पना मांडल्यापासून ह्या पक्षाला मोठे बळ आले आहे. मूळ असे काही नसतेच, प्रत्येक संहिता ही इतर संहितांची वीण असते, तेव्हा नकलेत दोष तो कसला, असा त्याचा सवाल असतो. ह्या पक्षाचे आवडते हत्यार व्युत्पत्ती. ‘कॉपी’ हा शब्द लॅटिनमधील ‘कोपिआ’ म्हणजे विपुलता ह्या शब्दापासून आला. म्हणजे नक्कल ही मुळात समृद्धी होय, असा निष्कर्ष मोठ्या आनंदाने काढला जातो.

दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात, पण त्यांचे गृहीतक एकच आहे. नक्कल करणे ही एकच एक कृती असून तिचे मूल्यही एकच एक आहे, असे दोघेही मानतात. पहिल्याच्या लेखी ती सदैव चोरी, दुसऱ्याच्या लेखी सदैव वैभव. ह्या क्रियापदाचा इतिहास दोघांनाही साथ देत नाही. तो नीट वाचला तर असे दिसते की ‘कॉपी’ हा शब्द जन्मापासून एका सामाजिक संबंधाचा निर्देश करतो : लेखनापर्यंत पोहोचण्याची मुभा कोणाला आहे, ती कोण देतो आणि कोण नाकारतो. हा संबंध तपासण्याचे कष्ट टाळायचे म्हणून शिवी आणि स्तोत्र हे दोन सोपे मार्ग पत्करले जातात.

२

‘कोपिआ’ हा शब्द सहवाचक उपसर्ग आणि ‘ऑप्स’ ह्यांच्या योगाने बनला आहे. ‘ऑप्स’ म्हणजे संपत्ती, सामर्थ्य. ह्याच नावाची धनधान्याची देवताही रोमन लोक पूजीत. तौलनिक भाषाशास्त्र ह्या शब्दाची आणि ‘ओपुस’ म्हणजे कर्म, कृती ह्या शब्दाची सांगड वैदिक संस्कृतातील ‘अप्नस्’ व ‘अपस्’ ह्यांच्याशी घालते. ‘कोपिआ’चा अर्थ विपुलता, साठा, साधनसामग्री असा होतो, त्याचे अनेकवचन सैन्य आणि रसद ह्या अर्थी येते. वक्त्याजवळचा शब्दांचा आणि विचारांचा साठा ह्यालाही हाच शब्द. इंग्रजीतील ‘कोपिअस’ ह्या विशेषणात आणि ‘कॉर्न्युकोपिआ’ ह्या समृद्धीच्या शिंगात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे.

मग विपुलतेची प्रत कशी झाली? एकाचे अनेक केले की विपुलता येते, म्हणून प्रतीला विपुलतेचे नाव मिळाले, हे स्पष्टीकरण मनाला पटते आणि म्हणूनच फसवे आहे. कोशकारांनी दाखवलेला मार्ग वेगळा आहे. लॅटिनमध्ये एखाद्या गोष्टीची ‘कोपिआ करून देणे’ म्हणजे ती उपलब्ध करून देणे, तिच्यापर्यंत पोहोचण्याची संधी देणे. एखादा दस्तऐवज उतरून घेण्याची अशी मुभा देण्याच्या शब्दप्रयोगांतून ‘कोपिआ’ हा शब्द हळूहळू त्या मुभेच्या फलावर, म्हणजे उतरून घेतलेल्या लेखावर स्थिरावला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कोपिआ’ म्हणजे प्रत हा अर्थ रूढ झाला; तो फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत नाम आणि क्रियापद अशा दोन्ही रूपांनी आला. म्हणजे विपुलता आणि प्रत ह्यांच्यामधला पूल ‘परवानगी’ हा आहे. व्युत्पत्तीचा जयघोष करणारे नेमका हाच पूल गाळतात.

हा पूल किती भक्कम होता हे पाहायचे असेल तर तेराव्या शतकातील बोलोन्या आणि पॅरिस येथील विद्यापीठांकडे पाहावे. तेथे मान्यताप्राप्त ग्रंथाची आदर्श प्रत सुट्या भागांत विभागून ग्रंथविक्रेत्याकडे ठेवलेली असे. ह्या भागाला ‘पेकिआ’ म्हणत. विद्यार्थ्याने किंवा त्याच्या लेखनिकाने एकेक भाग ठरावीक भाड्याने न्यायचा, उतरवून घ्यायचा आणि परत करून पुढचा न्यायचा. एकाच ग्रंथाचे वेगवेगळे भाग एकाच वेळी अनेकांच्या हाती असत. भाड्याचे दर आणि आदर्श प्रतीची शुद्धता ह्यांवर विद्यापीठाची देखरेख असे. ज्या व्यवस्थेत नक्कल करणे हीच शिकण्याची पूर्वअट होती, तेथे ‘नक्कल केली’ हा आरोप कोणी करणेच शक्य नव्हते. तेथे आरोप होत असे तो चुकीची नक्कल केल्याचा.

चौसरने आपल्या अ‍ॅडम नावाच्या लेखनिकाला उद्देशून एक छोटी कविता लिहिली आहे. तिच्यातला राग चोरीबद्दल नाही. लेखनिकाच्या हलगर्जीमुळे आपल्याला पुनःपुन्हा खाडाखोड करावी लागते, ह्याबद्दल आहे. हस्तलिखितांच्या युगात हीच चिंता महाराष्ट्रातही होती. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचे काम पूर्ण केले ते पाठभेदांनी आणि घुसडलेल्या ओव्यांनी ग्रंथ दूषित झाला होता म्हणून. आणि शेवटी त्यांनी वाचकाला बजावले तेही ह्यापुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये असेच. तुकारामांचे अभंग पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले त्यात संताजी जगनाडे यांच्या नावे असलेल्या वह्यांचा वाटा किती, हे सांगायला नको. ह्या जगात इमानदार नक्कल करणारा हा ग्रंथाचा रक्षक होता आणि स्वतःची भर घालणारा अपराधी. ‘कॉपी’ला जन्मजात कलंकित मानणाऱ्या समीक्षकाने ह्या उलट्या मूल्यव्यवस्थेचा अर्थ लावून दाखवावा.

३

इंग्रजीत ह्या शब्दाच्या दोन्ही छटा बराच काळ शेजारी शेजारी नांदल्या. ‘कॉपी’ म्हणजे विपुलता हा अर्थ सतराव्या शतकापर्यंत आढळतो. इरॅस्मसने लंडनच्या सेंट पॉल्स शाळेसाठी लिहिलेले, शब्दांच्या आणि आशयाच्या ‘कोपिआ’विषयीचे पाठ्यपुस्तक १५१२ साली प्रसिद्ध झाले. पत्र मिळाल्याचा आनंद व्यक्त करणारे एक साधे वाक्य शंभराहून अधिक प्रकारांनी कसे लिहिता येते, हे त्याने त्यात करून दाखवले आहे. आदर्श लेखकांच्या अनुकरणातून विद्यार्थ्याने हा साठा जमवायचा आणि मग तो स्वतःच्या गरजेनुसार खर्च करायचा, ही त्यामागची शिक्षणदृष्टी. तिचा पाया क्विंटिलियनचा होता. अनुकरण हा कलेचा मोठा भाग आहे, पण नुसते अनुकरण पुरेसे नाही. पूर्वसूरींच्या पुढे कोणी गेलाच नसता तर काहीच घडले नसते, असे त्या रोमन शिक्षकाचे म्हणणे. येथे अनुकरण आणि निर्मिती ह्यांत वैर नाही, क्रम आहे.

सामान्य माणसाच्या जीवनात तर ‘कॉपी’ला आणखी वजन होते. इंग्लंडमध्ये ‘कॉपीहोल्ड’ नावाचा जमीनधारणेचा एक प्रकार होता. जमीनदाराच्या न्यायसभेच्या दप्तरात कुळाच्या हक्काची नोंद होई आणि त्या नोंदीची नक्कल कुळाच्या हाती दिली जाई. अस्सल दप्तर जमीनदाराकडे. नक्कल हा कुळाचा हक्क. हा धारणाप्रकार १९२२ च्या कायद्याने १ जानेवारी १९२६ पासून संपुष्टात आला. सातबाराच्या नकलेसाठी तलाठ्याच्या आणि तहसीलच्या दारात खेटे घातलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा संबंध समजावून द्यावा लागणार नाही. त्याच्या अनुभवात नक्कल ही अस्सलापेक्षा खालची वस्तू नाही. दप्तरात बंद असलेल्या अस्सलाला त्याच्या उपयोगी आणणारी ती एकमेव वस्तू आहे.

छापखान्यात ह्या शब्दाने त्याहून मोठी कोलांटी मारली. मुद्रकाच्या परिभाषेत ‘कॉपी’ म्हणजे ज्यावरून खिळे जुळवायचे ते लेखन, म्हणजेच मूळ. वृत्तपत्राच्या कचेरीत बातमीदार ‘कॉपी’ देतो ती आजही ह्याच अर्थाने. शाळेतील ‘कॉपी’ म्हणजे गिरवण्यासाठी घालून दिलेला नमुना. मराठीतला ‘कित्ता’ तो हाच. एकाच शब्दाने ज्याची नक्कल करायची ते आणि नक्कल केल्यावर जे हाती येते ते, अशा दोन्ही टोकांना नाव द्यावे, ही विसंगती वाटेल. भाषेला ती वाटली नाही, कारण तिचे लक्ष दोन्ही टोकांना जोडणाऱ्या व्यवहाराकडे होते.

मग ‘कॉपी’ला हीन कळा आली कधी? हा बदल नीतीच्या इतिहासात शोधण्यापेक्षा मालमत्तेच्या इतिहासात शोधावा. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला १५५७ साली सनद मिळाली. तिच्या नोंदवहीत ज्या सभासदाच्या नावे ग्रंथ चढला, त्याची ती ‘कॉपी’. इतर कोणी तो छापायचा नाही. लेखकाचा ह्यात संबंध फारच थोडा. १७१० साली अमलात आलेल्या अ‍ॅन राणीच्या कायद्याने हा हक्क प्रथमच लेखकाच्या नावे केला, पण मुदतीने : नव्या ग्रंथाला चौदा वर्षे, आणि लेखक हयात असेल तर आणखी चौदा. त्या कायद्याच्या शीर्षकात ज्ञानाला उत्तेजन देण्याचा हेतू नमूद आहे, हे विसरले जाते. हा हक्क कायमचा असावा हा ग्रंथविक्रेत्यांचा दावा १७७४ साली डोनल्डसन विरुद्ध बेकेट ह्या खटल्यात उमरावांच्या सभागृहाने फेटाळला. ह्या दोन घटनांच्या मध्ये, १७५९ साली, एडवर्ड यंगने स्वतंत्र रचनेविषयीचा आपला निबंध लिहिला. अस्सल कृती वनस्पतीसारखी प्रतिभेच्या मुळातून उगवते आणि अनुकृती कारागिरीने घडवली जाते, ही त्याची प्रतिमा पुढे स्वच्छंदतावादाने आपलीशी केली. लेखक हा मालक आहे आणि लेखक हा निर्माता आहे, ह्या दोन कल्पना हातात हात घालून वाढल्या, हे मार्था वुडमन्सी आणि मार्क रोझ ह्यांच्या संशोधनाने पुरेसे स्पष्ट केले आहे.

येथे मराठी समीक्षेच्या वर्मावर बोट ठेवले पाहिजे. ‘स्वतंत्र’, ‘अस्सल’, ‘मौलिक’ ही विशेषणे ती चिरंतन वाङ्मयीन मूल्ये म्हणून वापरते. प्रत्यक्षात ती अठराव्या शतकातील इंग्रजी ग्रंथव्यापाराच्या कज्ज्यांत आकाराला आलेली, वसाहतकाळात पाठ्यपुस्तकांबरोबर येथे आलेली मूल्ये आहेत. पाश्चात्त्यांची कॉपी केली म्हणून मराठी लेखकाला फटकारणारा समीक्षक ज्या काठीने फटकारतो ती काठीच आयात केलेली असते. आयात केल्यामुळे ती निरुपयोगी ठरत नाही. पण निदान तिच्या मुठीवरचा कारखान्याचा शिक्का वाचलेला असावा.

४

इतके झाल्यावर दुसरा पक्ष टाळ्या पिटील. त्याला एवढ्यावर सोडता येणार नाही, कारण त्याचा अपराध अधिक सूक्ष्म आहे. ‘कॉपी’ म्हणजे मुळात विपुलता, म्हणून आजची नक्कल निर्दोष, हा युक्तिवाद शब्दाचा उगम आणि शब्दाचा अर्थ ह्यांची गल्लत करतो. ही गल्लत उघडी पाडायला कोणा आधुनिक भाषाशास्त्रज्ञाला साकडे घालायला नको. ‘कुशल’ म्हणजे दर्भ खुडून आणणारा, ही व्युत्पत्ती धरून मम्मटाने ‘कर्मात कुशल’ हे रूढ लक्षणेचे उदाहरण दिले. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यावर घेतलेला आक्षेप निर्णायक आहे. शब्द बनतो त्याचे निमित्त वेगळे आणि तो वापरला जातो त्याचे निमित्त वेगळे. व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त एकच मानले तर, ‘गो’ शब्द गमनवाचक धातूपासून आला असल्यामुळे, झोपलेल्या गाईला गाय म्हणायलाही लक्षणेचा आधार घ्यावा लागेल. ‘कॉपी’ला कोपिआची मुलगी ठरवून तिचे सारे गुन्हे माफ करणारे विद्वान झोपलेल्या गाईपुढे असेच अडून बसले आहेत.

शिवाय त्यांनी उगमही अर्धाच सांगितलेला असतो. ‘कोपिआ’ ही आपोआप वाहणारी विपुलता नव्हती; ती कोणीतरी कोणालातरी करून द्यायची होती. पेकिआची व्यवस्था ज्याच्याकडे भाडे भरायला पैसे होते त्याच्यासाठी होती. कॉपीहोल्डचे दप्तर जमीनदाराच्या ताब्यात होते. म्हणजे विपुलतेच्या ह्या कथेत सत्ता पहिल्यापासून हजर आहे. नकलेचे सरसकट स्तोत्र गाणारा सिद्धांत ती सत्ता अदृश्य करतो, आणि त्याचा फायदा नेहमी बलवानाला होतो. अनामिक लोकगीत उचलून आपल्या नावे छापणारा प्रतिष्ठित कवी, विद्यार्थ्याने गोळा केलेली सामग्री स्वतःच्या ग्रंथात जिरवणारा मार्गदर्शक, बोलीतील लेखकाची प्रतिमासृष्टी प्रमाणभाषेत पळवणारा कादंबरीकार ह्या सर्वांना संहितांतर्गततेची छत्री सोयीची आहे.

राजशेखराने हे सर्व हजार-अकराशे वर्षांपूर्वी पाहून ठेवले आहे. काव्यमीमांसेतील हरणविषयक अध्यायांत त्याने आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिच्या नावे उचलेगिरीच्या समर्थनांची जी यादी दिली आहे ती आजही शिळी झालेली नाही. तो कवी अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी. त्याची भाषा कोणी मानीत नाही, माझीला मान आहे. ते काव्य जाणणारे आता उरले नाहीत. त्याचा कर्ता परदेशातला आहे. शेवटच्या दोन सबबींवर मराठीतील किती ग्रंथ उभे आहेत, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

म्हणून ‘कॉपी’ आणि वाङ्मयचौर्य ह्यांत भेद करणे अटळ आहे, आणि इंग्रजीत त्यासाठी शब्दही वेगळा आहे. ‘प्लेजिअरिझम’चे मूळ लॅटिनमधील ‘प्लागिआरिउस’ ह्या शब्दात आहे. माणसे पळवणारा, दुसऱ्याचा गुलाम किंवा स्वतंत्र माणूस पळवून विकणारा, असा त्याचा कायदेशीर अर्थ. पहिल्या शतकात मार्शलने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचून दाखवणाऱ्यासाठी हा शब्द वापरला; आपली पुस्तके म्हणजे आपण मुक्त केलेले दास होत, ही त्यामागची कल्पना. इंग्रजीत बेन जॉन्सनच्या १६०१ च्या ‘पोएटॅस्टर’ ह्या नाटकात ‘प्लेजिअरी’ भेटतो. मार्शलची तक्रार आपल्या कविता कोणी उतरवून घेतल्या ही नव्हती. त्या उतरवल्या जाव्यात, सर्वदूर जाव्यात, हेच त्याला हवे होते. तक्रार नाव पुसल्याची होती. नक्कल न करताही चौर्य होऊ शकते आणि शब्दशः नक्कल करूनही चौर्य होत नाही, हे ह्या एका उदाहरणाने सिद्ध होते. जी मराठी समीक्षा दोहोंना ‘कॉपी’ ह्या एकाच शब्दात कोंबते, तिने विचार करण्याचे एक अवजारच गमावले आहे.

५

अवजारे नाहीत असेही नाही. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि सारख्या देहाच्या दोन माणसांसारखे. पहिल्याला स्वतःचा आत्मा नाही, दुसऱ्याचा आत्मा क्षुद्र आहे, म्हणून ते दोन त्याज्य. तिसरा त्याज्य नाही, कारण एक माणूस दुसऱ्यासारखा दिसतो म्हणून तो माणूस नाही असे कोणी म्हणत नाही. राजशेखराने त्यात परपुरप्रवेशासारखा, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात शिरण्यासारखा चौथा प्रकार घातला, शब्दहरण आणि अर्थहरण ह्यांची फोड केली, आणि कवींचेही उत्पादक, परिवर्तक, आच्छादक व संवर्गक असे वर्ग पाडले. ह्यातील ‘परिवर्तक’ आणि ‘आच्छादक’ हा भेद सोन्याच्या मोलाचा आहे. एक घेतो आणि बदलतो. दुसरा घेतो आणि झाकतो. बदल दिसतो आणि तपासता येतो. झाकण्याचा हेतूच तपासणी टाळणे हा असतो.

ह्या कसोटीवर देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) ठेवावे. ऑथेल्लोवरून घेतले म्हणून त्याला नक्कल म्हणणे म्हणजे तुल्यदेहाला प्रतिबिंब समजणे होय. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) शॉच्या ‘पिग्मेलिअन’वरून आली हे लपलेले नाही; पण उच्चार आणि वर्ग ह्यांच्या नात्याचा प्रश्न तिने मराठी भाषाभेदांच्या जमिनीत पुन्हा पेरला. इंग्रजी नाटकातील ध्वनिभेद मराठीत उतरवताच येत नव्हते; येथे नक्कल अशक्य होती, आणि म्हणूनच निर्मिती करावी लागली. ह्या कृतींना ‘रूपांतरित’ म्हणून वाङ्मयेतिहासाच्या माजघरात बसवणारी समीक्षा परिवर्तकाला आच्छादकाची शिक्षा देते.

मराठीच्या स्वतःच्या शब्दांतही हे शहाणपण साठलेले आहे. ‘प्रत’ म्हणजे नक्कल आणि प्रत म्हणजे दर्जाही. उत्तम प्रतीचा तांदूळ म्हणताना कोणालाही मूळ तांदळाची आठवण होत नाही. ‘नक्कल’ हा अरबीतील ‘नक्ल’, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, परंपरेने पोहोचवणे. इस्लामी ज्ञानपरंपरेत बुद्धीने सिद्ध होणाऱ्या विद्या वेगळ्या आणि ‘नक्ल’ने, म्हणजे पिढ्यांच्या हस्तांतरणाने येणाऱ्या विद्या वेगळ्या मानल्या जात, आणि दुसऱ्या वर्गात हीनता नव्हती. ‘कित्ता’ही अरबीच. थोरांचा कित्ता गिरवावा असे म्हणणारी भाषा गिरवण्याला कमी लेखत नाही. विश्वनाथाचा इशारा येथेही लागू आहे. व्युत्पत्तीने ह्या शब्दांचे आजचे मूल्य ठरत नाही. पण हे तिन्ही अर्थ आजच्या मराठीत चालू आहेत, कोशात पुरलेले नाहीत. ‘कॉपी’ ह्या उपऱ्या शब्दाने त्यांच्यावर आपली एकच छाया पाडू देणे हा भाषेचा तोटा आहे.

६

हा वाद केवळ शब्दांचा असता तर तो कोशकारांवर सोपवता आला असता. पण विद्यापीठीय जीवनात त्याला दंडाचे रूप आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यविषयक विनियम जारी केले. त्यांत साम्याचे टप्पे आहेत : दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर असे चढते स्तर आणि चढते दंड. निर्देशासह दिलेली अवतरणे मोजणीतून वगळली आहेत, हे न्याय्यच. हेतूही प्रामाणिक आहे. दोष संकल्पनेत आहे. संगणक जे मोजतो ते राजशेखराच्या भाषेत शब्दहरण, आणि तेही पद-पाद मोजावेत तसे. अर्थहरण त्याच्या जाळ्यात येत नाही. एका भाषेतील ग्रंथाचा आराखडा, युक्तिवाद आणि उदाहरणे उचलून दुसऱ्या भाषेत मांडणारा प्रबंधकार शब्द जुळवणाऱ्या यंत्राला सहज चकवा देतो; मराठीतील प्रबंधलेखनाला हा धोका सर्वांत मोठा आहे, आणि नेमका तोच निर्धोक ठरतो. उलट एखाद्या संकल्पनेची रूढ व्याख्या रूढ शब्दांत मांडणारी प्रामाणिक विद्यार्थिनी आकड्याच्या भीतीने चांगली वाक्ये मोडून वाईट करते. आच्छादकाला बक्षीस आणि लेखनिकाला दंड, असा हा न्याय आहे. टक्केवारी हे परीक्षागृहातील चिठ्ठीचे यांत्रिक रूप आहे, आणि समीक्षेने आपला निर्णय तिच्या हवाली करणे ही समीक्षेचीच शरणागती आहे.

ह्याच्या शेजारी दुसरी घटना ठेवावी. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. पाठ्यक्रमातील पुस्तकांचे उतारे एकत्र करून विद्यार्थ्यांना विकले जात, ही तक्रार. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने दावा फेटाळताना प्रताधिकार हा कोणताही दैवी अथवा निसर्गदत्त अधिकार नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये द्विसदस्य न्यायपीठाने काही मुद्दे पुन्हा विचारार्थ पाठवले, पण एक तत्त्व नक्की केले : १९५७ च्या कायद्यातील अध्यापनविषयक अपवादाखाली पाहायचे ते किती उतरवले हे नव्हे, शिकवण्याच्या प्रयोजनाला ते आवश्यक होते का, हे पाहायचे. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ज्यांना महागडे ग्रंथ परवडत नाहीत त्यांना उतरवून घेण्याची मुभा असावी की नाही, हा त्या खटल्याचा प्रश्न होता. तेराव्या शतकातील बोलोन्याचा विद्यार्थी त्या दुकानासमोर उभा राहिला असता तर त्याला काहीच अनोळखी वाटले नसते. न्यायालयाने प्रयोजन विचारले, आयोगाने प्रमाण विचारले. साहित्याच्या न्यायालयाने ह्या दोहोंपैकी कोणाचा कित्ता गिरवावा, हे समीक्षकांनी ठरवायचे आहे.

समीक्षेने नकलेसमोर उभे राहताना तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल. ह्या नकलेने कोणाला, पूर्वी बंद असलेल्या कशापर्यंत पोहोचवले? घेणाऱ्याने घेतलेले बदलले की झाकले? आणि ज्याच्याकडून घेतले तो बलवान होता की दुर्बल? ह्या प्रश्नांची उत्तरे एका शब्दात देता येत नाहीत, त्यांना वाचन लागते. देशीवाद्याला ती परकीय प्रभावाचे स्वरूप नेमके सांगायला लावतील. संहितांतर्गततेच्या भाष्यकाराला, जाळ्याच्या प्रत्येक गाठीवर कोणाचा हात होता ते दाखवायला लावतील. दोघांनाही हे गैरसोयीचे आहे, आणि त्यातच त्यांची उपयुक्तता आहे.

महसुली दप्तरातून मिळणाऱ्या उताऱ्यावर ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ असा शेरा असतो. नक्कल ही खरी असू शकते, खोटी असू शकते, आणि ती खरी असल्याचे कोणीतरी सही करून, जबाबदारी घेऊन सांगावे लागते, हे कारकुनाला ठाऊक आहे. ‘कॉपी’ एवढा एकच शेरा मारून कृतीची फाईल बंद करणाऱ्या समीक्षकाने निदान त्या कारकुनाइतकी तरी तसदी घ्यावी.